साडूंचे डॉक्टरसाहेब

उभ्या आदिलाबाद जिल्ह्यात माझ्या साडूंइतका निरुपद्रवी माणूस झाला नाही, आणि आयुष्यात मी त्यांच्याइतका हेवा दुसऱ्या कुणाचा केला नाही. लोक हेवा करतात तो दुसऱ्याच्या वावराचा, बढतीचा, स्लॅबच्या घराचा. साडूंजवळ यातलं काहीच नव्हतं. नार्नूरच्या मराठी शाळेत ते गुरुजी होते. सायकलीला घंटी नव्हती, आणि सदऱ्याचे दोन्ही खिसे दगडांच्या वजनाने इतके ओघळलेले असत की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, या माणसाला आणखी दोन हात आहेत. मी त्याच गावचा पोस्टमास्तर. माझ्या खुर्चीला हात होते, माझं इंग्रजी अक्षर वळणदार होतं, आणि माझ्या शिक्क्याशिवाय गावातून एक कागद बाहेर जात नसे. तरीही आम्ही दोघे जावई भीमपूरला सासुरवाडीत एकाच बसने उतरलो, की सासरे माझ्या हातातली पिशवी घेत आणि साडूंचा हात.

खरं म्हणजे माझी तक्रार लग्नाच्याही आधीपासूनची आहे. साडू हे थोरले जावई. धाकटीसाठी माझं स्थळ आलं तेव्हा सासऱ्यांनी मला पाहायला त्यांनाच पाठवलं. मी त्या वेळी इंद्रवेल्लीला हंगामी कारकून होतो. साडू आले, चहा प्यायले, अर्धा तास बोलले, निघताना आमच्या पायरीचा एक सुटा दगड उलटा करून पाहिला, आणि भीमपूरला जाऊन म्हणाले, "पोरगा कसा आहे हे एका भेटीत नाही समजत, मामाजी. आनखी दोन डाव पाहा लागन." म्हणून ते आणखी दोनदा आले. तेवढ्यात लग्नसराई उलटून गेली. तिसऱ्या भेटीनंतर त्यांचा निकाल असा होता, "वाईट दिसत नाही. पन पक्कं नाही सांगता येत." एवढ्या शिफारशीवर माझं लग्न झालं. पुढे बायकोशी माझं काही वाजलं, की ती आवाज चढवत नसे. शांतपणे म्हणे, "भाऊजीनं पक्कं कुठं सांगतलं होतं."

या सगळ्याच्या मुळाशी होते डॉक्टरसाहेब. डॉक्टरसाहेब म्हणजे औषध देणारे नव्हेत. ते कलकत्त्याचे एक फार मोठे शास्त्रज्ञ होते. जमिनीच्या पोटात दगड होऊन पडलेल्या प्राण्यांचा, झाडांचा, शंखांचा त्यांचा अभ्यास होता आणि वर्तमानपत्रात त्यांचं नाव यायचं. साडू नवे नवे गुरुजी झाले होते तेव्हा आदिलाबादला शिक्षकांचं एक शिबिर भरलं आणि हे गृहस्थ एका तासासाठी तिथे बोलायला आले. वेळ दुपारच्या जेवणानंतरची. निम्मे गुरुजी पेंगत होते, उरलेले त्यांच्याकडे पाहून पेंगण्याच्या बेतात होते. व्याख्यान संपल्यावर साडू उभे राहिले आणि मोडक्या हिंदीत त्यांनी विचारलं, की आमच्या गावाजवळच्या नाल्यात दगडाचे शंख सापडतात, तर तिथे पूर्वी समुद्र होता काय. डॉक्टरसाहेब म्हणाले, "मुझे नहीं मालूम. पहले पत्थर दिखाइए."

बस, एवढंच. साडू त्या वाक्याने जन्माचे बांधले गेले. "एवढा मोठा मानूस," ते मला कितीदा तरी सांगत, "दोनशे लोकाइच्या समोर म्हन्ते, मले माहीत नाही. आपल्या इकडं तलाठीसुद्धा नाही म्हनत." यावर मी एकदा म्हणालो, की मी पोस्टाच्या खिडकीतून 'माहीत नाही' म्हटलं तर मला मेमो मिळेल. त्यांनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं.

तेव्हापासून साडूंनी दगड धाडायला सुरुवात केली. महिन्या-दीड महिन्याने कापडात शिवलेलं एक पार्सल ते माझ्या काट्यावर आणून ठेवत. टपालाची थैली उटनूरला नेणाऱ्या बसचा कंडक्टर मला विचारी, "मास्तर, कलकत्त्याले दगडं नाही का?" पत्र साडू हिंदीत लिहीत. उत्तर इंग्रजीत येई, आणि साडूंचं इंग्रजी बेताचं असल्यामुळे ते पोस्टात उभं राहून मलाच वाचायला लावत. म्हणजे त्यांच्या आणि डॉक्टरसाहेबांच्या मैत्रीतला प्रत्येक शब्द माझ्या तोंडून गेला आहे. वरातीत नवरदेवाचा घोडा धरणाऱ्याला कसं वाटत असेल, हे मला नेमकं ठाऊक आहे.

साडूंच्या घरात वंदनेच्या जागी ज्या दोन तसबिरी होत्या, त्यांच्याखाली वीतभर अंतर सोडून साडूंनी डॉक्टरसाहेबांचा वर्तमानपत्रातला फोटो चिकटवला होता. कागद पिवळा पडून त्यात नाक तेवढं उरलं होतं. पाहुणे विचारत, "हे तुमचे वडील काय?" साडू म्हणत, "नाही. वडील दिसायले बरे होते." गावकुसाबाहेर कुणी विहीर खोदायला घेतली की साडूंना निरोप जाई. ते दोराला धरून आत उतरत, खालून दगडाचे तुकडे खिशात भरत, आणि वर आल्यावर मालकाने आशेने विचारलं, की गुरुजी, पाणी लागेल का, तर सांगत, "ते मले नाही समजत." पाणी दाखवणारे बाकीचे लोक नारळ फिरवून किती हातांवर पाणी आहे ते छातीठोक सांगत. तरी शेतकरी साडूंनाच बोलावत. त्याचं कारण मला अजून कळलेलं नाही. दगड ओळखायचा तर तो जिभेला लावून पाहावा, असंही डॉक्टरसाहेबांनी एका पत्रात लिहिलं होतं आणि दुर्दैवाने मी ते वाचून दाखवलं होतं. माझी मेहुणी, म्हणजे साडूंची बायको, त्यानंतर माझ्यावर आठवडाभर रागावली होती. "भाजीत मीठ नसलं तं यायले समजत नाही," ती म्हणाली, "अन् गोट्याले म्हन्ते चव आहे."

सहा वर्षं साडू शाळेत शिकवत होते, की नार्नूरच्या नाल्यात एकेकाळी समुद्र होता. मग डॉक्टरसाहेबांचं पत्र आलं. शंख नीट तपासून पाहिले, ते समुद्रातले नाहीत, गोड्या पाण्याच्या तळ्यातले आहेत, लाव्हारसाच्या दोन थरांमध्ये ते तळं कधीतरी साचलं असावं. तुमचा अंदाज चुकला. हे वाचताना, खोटं कशाला बोलू, मला थोडं बरं वाटलं. मी 'चुकला' हा शब्द जरा ठासूनच वाचला. साडूंचा चेहरा उजळला. "वाचा पुन्हा," ते म्हणाले. मी पुन्हा वाचलं. ते मुलांसाठी पेढे घेऊन शाळेत गेले आणि समुद्र रद्द झाल्याचं त्यांनी जाहीर केलं. एवढ्यावर थांबतील तर ते साडू कसले. सहा वर्षांत शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांच्या घरोघरी जाऊन त्यांनी दुरुस्ती केली. एक मुलगी लग्न होऊन किनवटला गेली होती. हा गृहस्थ रविवारी बसने किनवटला गेला. माहेरचे गुरुजी अचानक दारात पाहून ती पोरगी घाबरली, सासूने भिंतीला हात टेकला. साडू म्हणाले, "बाई, सगळे खुशाल आहेत. फक्त तो समुद्र नव्हता, तळं होतं." पाणीसुद्धा न पिता परत निघाले होते, सासूने आग्रहाने जेवू घातलं.

एकदा शाळेचा मुआयना, म्हणजे तपासणी, होती. हैदराबादहून आलेले तेलुगू साहेब. त्यांनी चौथीतल्या एका पोरीला विचारलं, की पृथ्वीच्या पोटात काय आहे. पोरगी उभी राहिली आणि न घाबरता म्हणाली, "तेल्वदु सार, चूसि चेप्ता." माहीत नाही साहेब, पाहून सांगते. साहेब लाल झाले. वर्ग हसला नाही, हे त्यांना अधिक लागलं असावं. त्यांनी साडूंना बाहेर बोलावून झापलं. साडूंनी खिशातून एक शंखाचा दगड काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. नंतर दोघे तासभर नाल्यात होते. संध्याकाळी साहेब माझ्या पोस्टात तार करायला आले तेव्हा त्यांच्या पँटला गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि कोटाचा खिसा ओघळला होता.

हे सगळं मी हसून सोसलं असतं. पण माझी मुलगी आठवीत गेली आणि तिला शाळेत निबंध पडला, 'माझा आवडता माणूस'. आमच्या घरी पोस्टमास्तर वडील बसलेले असताना तिने मोठेबाबांवर, म्हणजे साडूंवर, चार पानं लिहिली. शेवटी एक ओळ होती: माझे बाबा त्यांची पत्रे वाचून दाखवतात. एवढीच माझी हजेरी. त्या आठवड्यात मी कुणाला न सांगता डॉक्टरसाहेबांना स्वतः पत्र लिहिलं. चांगल्या कागदावर, शुद्ध इंग्रजीत, की मलाही या विषयाची गोडी आहे, मार्गदर्शन करावं. महिन्याभराने उत्तर आलं. दोनच वाक्यं होती. आपल्या पत्राने आनंद झाला. आपल्याच गावात एक गुरुजी राहतात, त्यांना विचारावं, ते माझ्यापेक्षा जवळ आहेत.

ते पत्र मी फाडलं. आणि त्यानंतर जे मी केलं ते आता सांगायलाच हवं, नाहीतर हे सगळं साडूंची गंमत म्हणूनच संपेल.

पुढच्या वर्षी हिवाळा सरता सरता साडूंच्या नावावर एक पोस्टकार्ड आलं. डॉक्टरसाहेब कामासाठी या बाजूला येत होते. येत्या गुरुवारी अकराच्या सुमारास नार्नूरच्या पोस्टापाशी थांबेन, तिथून मला तुमच्या नाल्यावर न्या, असं त्यात लिहिलं होतं. तो दिवस सोमवार होता. संध्याकाळी देऊ, असं म्हणून मी कार्ड टेबलाच्या खणात ठेवलं. मंगळवारी साडू तिकिटं घ्यायला आले. मी तिकिटं दिली. बुधवारी मी माझा पांढरा सदरा इस्त्री करायला टाकला. मनात काय योजलं होतं असं कुणी विचारलं तर मी सांगू शकणार नाही. पण सदरा इस्त्रीला टाकला होता, हे खरं.

गुरुवारी जीप आली. त्यातून कानटोपी घातलेला एक बुटका, वाकलेला म्हातारा उतरला आणि त्याने हिंदीत गुरुजींची चौकशी केली. शाळा पोस्टापासून तीन मिनिटांवर होती. मी म्हणालो, "गुरुजी बाहेरगावी गेलेत. चला, मी दाखवतो."

नाल्यापर्यंत आम्ही चालत गेलो. वाटेत ते खूप बोलले आणि मी मान डोलावली. नाल्यात उतरल्यावर त्यांनी विचारलं, शंखांचा थर नेमका कुठला. इतकी वर्षं साडूंच्या तोंडून ऐकूनही मला तो ठाऊक नव्हता. मी एक जागा दाखवली. त्यांनी हातोडीने दोन घाव घातले, पाहिलं, हातोडी थांबवली. मी दुसरी जागा दाखवली. मग तिसरी. तिसऱ्या जागेनंतर त्यांनी हातोडी खाली ठेवली. एका दगडावर बसून ते बाटलीतलं पाणी प्यायले. मी जवळ उभा होतो. तेवढ्यात गावाकडून मधल्या सुट्टीची घंटा ऐकू आली.

"शाळा जवळ आहे?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग त्यांनी विचारलं, गुरुजी उंच आहेत का. मी म्हणालो, नाही, मध्यम. चष्मा आहे? नाही. ते हसले. म्हणाले, मी तर मनात त्यांना चष्मा लावून टाकला होता. मग बाटलीचं झाकण लावत म्हणाले, "थर तर मला कुणाच्याही मदतीशिवाय सापडला असता. मला माणूस पाहायचा होता. लोक मला दगड पाठवतात ते त्यांचं नाव कुठे छापून यावं म्हणून. हा एकच माणूस आपलं कुठे चुकलं ते कळावं म्हणून पाठवतो." जीपमध्ये बसताना म्हणाले, त्यांना माझा नमस्कार सांगा, पुढच्या थंडीत येईन.

दिवस कलायच्या आत मी साडूंच्या घरी गेलो. ते अंगणात सायकल उलटी करून चेन बसवत होते. मी कार्ड पुढे केलं. हात पुसून त्यांनी ते घेतलं. तारीख त्यांना वाचता आली.

"हे तं आजची तारीख आहे."

"हो."

"आले नसतील मग."

"आले होते. मी नाल्यावर नेलं त्यांना."

साडू हळूच खाली बसले. "मी शाळेतच होतो," ते म्हणाले. "तुमाले माहीत होतं."

"होतं."

"मग काऊन, साडभाऊ?"

मी खरं ते सांगितलं. "तुमचा हेवा वाटला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अनोळखी दगडाकडे पाहावं तसं, चहूबाजूंनी. "माझा?" ते म्हणाले. "माझ्यापाशी काय आहे?" त्यांना खरोखर कळत नव्हतं. माझ्याजवळ वर्षानुवर्षांची यादी तयार होती, पण त्या अंगणात तिच्यातली एकही गोष्ट मला उच्चारता आली नाही. मेहुणी बाहेर आली तेव्हा ते उठले, तिला म्हणाले, "पोस्टमास्तरले पानी दे," आणि आत गेले. इतक्या वर्षांत मला त्यांनी पोस्टमास्तर कधी म्हटलं नव्हतं.

त्यानंतर साडू पोस्टात यायचे बंद झाले. पार्सलं ते सायकलवर उटनूरला नेऊन टाकू लागले. उत्तरं मात्र माझ्याकडेच येत; मी ती त्याच दिवशी त्यांच्या उंबरठ्यावर ठेवून येई आणि ते हायस्कुलातल्या इंग्रजीच्या सरांकडून वाचून घेत. झालेली गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नाही, बायकोलासुद्धा नाही. माझी बायको आठवड्यातून एकदा तरी विचारी, "भाऊजी काऊन येऊन नाही राह्यले?" भीमपूरला सासऱ्यांसमोर ते माझ्याशी दोन शब्द बोलत, की म्हाताऱ्याला संशय येऊ नये. एखाद्याने चारचौघांत माझी अब्रू काढली असती तर मला त्याच्यावर रागावता तरी आलं असतं. साडूंनी तेवढीही सोय ठेवली नाही.

पाऊस गेला, कापूस वेचून झाला, थंडी पडली. एका सकाळी मी थैली बांधत होतो आणि शेजारच्या हॉटेलातल्या रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. त्यात डॉक्टरसाहेब गेल्याची बातमी होती. दोन ओळींची. मी थैलीची गाठ तशीच धरून उभा राहिलो. साडूंकडे कोणत्या तोंडाने जावं याचा विचार करत होतो, तोच ते दारात दिसले. शाळेची वेळ होती, आणि शाळेच्या वेळेत मी त्यांना पोस्टात कधी पाहिलेलं नव्हतं. ते आत आले, बाकावर बसले.

"साडभाऊ," ते म्हणाले, "कसे होते?"

मी खिडकी लावली आणि सांगायला बसलो. कानटोपी सांगितली, तपकिरी रंगाची. वाकलेली पाठ, पायातले कॅनव्हासचे बूट, उजव्या बुटाची वेगळ्या रंगाची नाडी. साडू मधूनमधून विचारत. आवाज जाडा होता का? चढावर थांबत होते का? हातोडी कशी धरत? मी मला आठवलं तेवढं सगळं सांगितलं, आणि मी तीन खोट्या जागा दाखवल्या तेही. चष्म्याचं सांगितलं तेव्हा साडूंचा हात आपोआप नाकाकडे गेला. मग मी डॉक्टरसाहेबांचा नमस्कार सांगितला, आणि त्यांचं ते वाक्यही, मला माणूस पाहायचा होता. इतके महिने मी ते स्वतःजवळ ठेवलं होतं. साडूंनी तोंड भिंतीकडे केलं. मग म्हणाले, "दोन घंटे होते तुमी त्याइच्या संगं. आता मलेच तुमचा हेवा वाटून राह्यला." ते चिडून बोलले नव्हते. जे होतं ते सांगत होते, नेहमीप्रमाणे.

पुढच्या रविवारी ते मला नाल्यावर घेऊन गेले. डॉक्टरसाहेब कुठे बसले होते ती जागा त्यांना पाहायची होती. तिथे शेजारी शेजारी दोन दगड होते आणि नेमका कोणता, ते मला काही केल्या आठवेना. मी तसं सांगितलं. साडूंनी रागावून पाहिलं नाही. ते आधी एका दगडावर थोडा वेळ बसले, मग उठून दुसऱ्यावर बसले.

"अन् तुमी कुठं बसले होते?" त्यांनी विचारलं.

"मी उभाच होतो."

"आता बसा," ते म्हणाले, आणि सरकून त्यांनी जागा केली. दगड दोघांना तसा अपुराच होता.